घरचा संगणक : दुरुस्ती आणि राखण

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, काटकसर, आरोग्य, विवाहातील अनाठायी खर्च अशा विषयांवर अनेक अधिकारी वक्त्यांनी विचार मांडले आहेत. त्या मालिकेत संगणकाची दुरुस्ती आणि त्यास होणारा व्हायरसचा उपद्रव हा विषय काहीसा किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु आपल्या कचेरीकडे एकवार पाहावे. सभासद कुटुंबांची नोंद, वधूवरांची सूची, शिष्यवृत्ती निधीचा जमाखर्च हे सर्व पूर्वी बांधीव वह्यांत असे. आता ते संगणकात असते. घरोघरीही तीच स्थिती आहे. वंशावळ, वाटणीपत्राची प्रत, मुलांचे दाखले, वडीलधाऱ्यांची छायाचित्रे हा सारा ऐवज आपण त्या एका पेटीच्या स्वाधीन केला आहे. ज्या पेटीत घराचा ऐवज आहे, तिच्या कुलपाचा विचार करणे हे गृहस्थाश्रमाचेच एक कर्तव्य होय. या भावनेने मी हा विषय घेतला आहे. मी या शास्त्रातील पंडित नव्हे. शाळामास्तराने एखादा धडा स्वतः समजून घेऊन वर्गास सांगावा, तितकेच मला करावयाचे आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. संगणक ही एक वस्तू आणि त्यात साठविलेली माहिती ही दुसरी वस्तू. कपाटाचे दार मोडले तर सुतार ते नीट करतो. फार तर नवे कपाट घेता येते. परंतु कपाटातील कागदास वाळवी लागली, तर कितीही कुशल सुतार आणला तरी कागद पूर्ववत होत नाही. संगणकाचेही तसेच आहे. त्याचे सुटे भाग बाजारात मिळतात, पण आजोबांच्या हस्ताक्षरातील पत्राचे एकमेव छायाचित्र कोणत्याही बाजारात मिळत नाही. माझ्या आजच्या सर्व म्हणण्याचा सारांश या एका भेदात आहे. यंत्राची दुरुस्ती कारागिराकडे सोपवावी. माहितीची राखण मात्र घरधन्याने स्वतःच करावी.

आता व्हायरस म्हणजे काय ते पाहू. आपल्यापैकी पुष्कळांची अशी समजूत आहे, की तो धूळ किंवा दमट हवा यांप्रमाणे आपोआप यंत्रात शिरतो. तसे नाही. संगणकाने काय करावे याच्या क्रमवार आज्ञांना प्रोग्रॅम म्हणतात, आणि व्हायरस हाही माणसाने लिहिलेला एक प्रोग्रॅमच असतो. इतर प्रोग्रॅम आपण सांगितलेले काम करतात. हा आपल्या नकळत स्वतःच्या नकला काढून दुसऱ्या फाइलींत, दुसऱ्या डिस्कवर आणि दुसऱ्या यंत्रात जाऊन बसतो. रोगाचा विषाणू ज्याप्रमाणे सजीवाच्या आश्रयावाचून वाढू शकत नाही, त्याप्रमाणे हाही दुसऱ्याच्या आश्रयाने वाढतो, म्हणून त्यास हे नाव पडले.

या उपद्रवाच्या इतिहासातील एक गोष्ट मला मोठी बोधप्रद वाटते. पर्सनल कॉम्प्युटरवर जगभर पसरलेला पहिला व्हायरस १९८६ साली निर्माण झाला, आणि तो झाला लाहोर येथील एका संगणकाच्या दुकानात. बासित व अमजद फारुक अल्वी हे दोघे भाऊ ते दुकान चालवीत असत. आपण तयार केलेल्या वैद्यकीय प्रोग्रॅमच्या चोरट्या नकलांना आळा बसावा, हा आपला हेतू होता, असे त्यांनी पुढे सांगितले. ‘ब्रेन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या व्हायरसमध्ये त्यांनी आपली नावे, दुकानाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातले होते. तो फ्लॉपी डिस्कवाटे यंत्रामागून यंत्रात जात अमेरिकेतील विद्यापीठांपर्यंत पोहोचला, आणि तेथून लाहोरच्या त्या दुकानात दूरध्वनी खणखणू लागले. हातून सुटलेला बाण जसा परत येत नाही, तसा एकदा बाहेर पडलेला प्रोग्रॅम लिहिणाराच्या ताब्यात राहत नाही.

याच्याच शेजारी आपल्या पुण्यातील दोन भावांची गोष्ट ठेवावी. श्री. कैलास काटकर यांनी दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली, आणि १९९० च्या सुमारास स्वतःचा दुरुस्तीचा व्यवसाय सुरू केला. पुढे संगणकही दुरुस्तीस येऊ लागले, आणि त्यांतील कित्येक व्हायरसने बिघडलेले असत. त्यांचे धाकटे बंधू श्री. संजय काटकर संगणकशास्त्राचे विद्यार्थी होते. त्यांनी या उपद्रवावर उतारा म्हणून प्रोग्रॅम लिहिला, आणि १९९५ च्या सुमारास तो बाजारात आला. त्या व्यवसायाचेच २००७ साली ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ असे नामकरण झाले आणि २०१६ साली त्याचे समभाग शेअर बाजारात दाखल झाले. मी येथे कोणत्याही कंपनीची भलामण करीत नाही; उताऱ्याची औषधे देणाऱ्या इतरही संस्था आहेत. मला एवढेच दाखवावयाचे आहे, की लाहोर आणि पुणे या दोन्ही ठिकाणी दोघे भाऊ, दोन्ही ठिकाणी छोटेसे दुकान आणि दोन्ही ठिकाणी तीच विद्या होती. एका ठिकाणी उपद्रव जन्मास आला, दुसऱ्या ठिकाणी त्यावरील उतारा. दुरुस्तीच्या लहान दुकानास जे हलके लेखतात, त्यांनी ही गोष्ट आठवावी.

आरंभीचे व्हायरस बहुतांशी खोडसाळपणाचे होते. पुढे त्यांचे स्वरूप पालटले. तैवानातील एका विद्यार्थ्याने १९९८ साली लिहिलेला ‘सीआयएच’ हा व्हायरस २६ एप्रिल १९९९ रोजी जागा झाला. त्याने डिस्कवरील माहिती तर पुसलीच, शिवाय कित्येक यंत्रांच्या मदरबोर्डावरील मूळ आज्ञाही नष्ट केल्या, त्यामुळे ती यंत्रे सुरूच होईनात. मे २००० मध्ये फिलिपाइन्समधून प्रेमपत्राच्या मिषाने एक ईमेल निघाले. उत्सुकतेपोटी ज्यांनी जोडफाइल उघडली, त्यांच्या पत्त्यांच्या यादीतील सर्वांना तेच पत्र आपोआप गेले. पुढचा टप्पा खंडणीचा. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या प्रोग्रॅमने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फाइली कुलूपबंद केल्या आणि त्या उघडून देण्यासाठी पैशाची मागणी केली. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांस रुग्णांच्या तपासण्या व शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेशातील काही पोलीस ठाण्यांच्या संगणकांनाही त्याची झळ लागली. यात शोचनीय गोष्ट अशी, की विंडोजमधील ज्या भगदाडातून हा चोर शिरला, ते बुजविण्याची सोय मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच उपलब्ध करून दिली होती. म्हणजे हल्ल्यापूर्वी सुमारे दोन महिने. ज्यांनी ‘अपडेट’ लांबणीवर टाकले, ते या तडाख्यात सापडले.

आता हा उपद्रव आपल्या घरी कोणत्या वाटेने येतो ते सांगतो. पहिली वाट पेनड्राइव्हची. मुलाचा अर्ज छापून आणण्यासाठी आपण पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात देतो. त्या दुकानातील यंत्रास दिवसभरात अनेकांचे पेनड्राइव्ह लागलेले असतात. घरी आल्यावर आपल्या फाइली दिसेनाशा होतात आणि त्यांच्या जागी शॉर्टकटची चिन्हे दिसतात; त्यावर टिचकी मारली, की व्हायरस आपल्या यंत्रात उतरतो. छापण्यापुरता निराळा पेनड्राइव्ह ठेवावा आणि घरी लावताच प्रथम तो तपासून घ्यावा.

दुसरी वाट चोरीच्या प्रोग्रॅमची. मूळ प्रोग्रॅमचे पैसे वाचविण्यासाठी त्याची कुलूप तोडलेली प्रत घालण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. अशी प्रत घालताना पुष्कळदा ‘प्रथम अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते. पाहुणा म्हणतो, की मी येण्यापूर्वी पहारेकऱ्यास रजा द्या. आणि आपण ती देतो! मग घरात काय शिरले याचा दोष कोणास द्यावा?

तिसरी वाट भीतीची. एकाएकी पडद्यावर लाल अक्षरे झळकतात, घंटा वाजते, आणि ‘आपल्या संगणकास व्हायरस लागला आहे, या क्रमांकावर त्वरित दूरध्वनी करा’ असे फर्मान सुटते. अशा वेळी तो क्रमांक फिरवू नये. कोणतीही प्रतिष्ठित कंपनी अशा रीतीने आपला क्रमांक पडद्यावर झळकावीत नाही. पलीकडील माणूस मदतीच्या बहाण्याने दूरवरून आपले यंत्र हाताळण्याची परवानगी मागतो आणि हा हा म्हणता बँकेच्या खात्यापर्यंत पोहोचतो. पडद्यावरील ती खिडकी बंद करावी. न झाल्यास संगणकच बंद करावा.

चौथी वाट सर्वांत अलीकडची, आणि आपल्यासारख्या नातीगोती जपणाऱ्या समाजास विशेष धोक्याची आहे. ती लग्नपत्रिकेची. मोबाइलवर व्हॉट्सॲपवाटे पत्रिका येते. परंतु फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. पत्रिका ही छायाचित्र किंवा पीडीएफ असते, ती केवळ पाहावयाची असते. एपीके म्हणजे मोबाइलमध्ये बसविण्याचा प्रोग्रॅम. तो एकदा बसला, की आपले संदेश आणि ओटीपी परक्याच्या हाती जाऊ शकतात. या फसवणुकीविषयी २०२४ साली पोलिसांनी लोकांस सावध केले होते. आपण पत्रिका पाहून आनंदाने अक्षतांची तयारी करणारी माणसे. म्हणून सांगतो, की पत्रिका ज्याच्या नावाने आली त्यास आधी विचारावे, मग ती उघडावी. विचारल्याने कोणाचा मानभंग होत नाही.

आता दुरुस्तीकडे वळतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली ही या व्यवसायाची मोठी ठिकाणे. परंतु आज तालुक्याच्या गावीही चौकात संगणक दुरुस्तीची पाटी दिसते. तेथील कारागिरावर आपला बराच भार असतो. यंत्र अडले की आपण ‘व्हायरस लागला’ असे सरसकट म्हणतो. परंतु पुष्कळ बिघाड अगदी साधे असतात. पंख्यात धूळ बसली, की यंत्र तापून आपोआप बंद पडते. रॅमच्या पट्टीचे सोनेरी टोक मळले, की यंत्र नुसते पिपाणीसारखे वाजते. जाणता कारागीर ती पट्टी काढून खोडरबराने हलकेच पुसतो आणि यंत्र चालू लागते. बंद करून पुन्हा लावल्यावर तारीख व वेळ दर वेळी चुकू लागली, तर मदरबोर्डावरील नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपली असे समजावे. हार्ड डिस्कमधून टक् टक् असा आवाज येऊ लागला, तर मात्र यंत्र पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. ते ताबडतोब बंद करावे, कारण प्रत्येक प्रयत्नाने आतील माहिती अधिक बिघडण्याचा संभव असतो.

म्हणून कारागिरास पहिला प्रश्न विचारावा, ‘बिघाड नेमका कशात आहे?’ जो न पाहताच ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे म्हणतो, त्याच्यापुढे क्षणभर थांबावे. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसून कोरी करणे. कधी कधी तेच आवश्यक असते. परंतु पाटीवर काय लिहिले आहे आणि त्याची नक्कल कोठे आहे, हे पाहिल्यावाचून पाटी पुसू देऊ नये. यंत्र देताना पावती घ्यावी, आणि तीवर यंत्राचा अनुक्रमांक, रॅम व डिस्क किती क्षमतेची आहे, हे लिहून घ्यावे. बदललेला जुना भाग परत मागावा. पासवर्ड विचारल्यास आपल्या नेहमीच्या खात्याचा न देता, कामापुरते निराळे खाते उघडून द्यावे. बँकेच्या व ईमेलच्या खात्यांतून आधी बाहेर पडावे. काम तासाभराचे असेल तर तेथेच बसावे. जुना संगणक किंवा जुनी डिस्क विकताना विशेष जपावे. फाइल पुसली म्हणजे ती नाहीशी होतेच असे नाही. वरवर पुसलेली माहिती परत काढता येते.

येथे कारागिराच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. त्याच्याविषयी तक्रार करणारे आपणच दुकानात जाऊन काय मागतो? ‘विंडोज फुकट घालून द्या, वर्ड फुकट घाला, गेल्या खेपेस त्या दुकानात घालून दिले होते.’ म्हणजे आपण त्यास चोरीचा माल मागतो, आणि त्या मालाबरोबर व्हायरस आला की त्याच्याच नावाने खडे फोडतो. त्याने तासभर बसून दोष शोधला, एकही भाग बदलला नाही, तर मजुरी द्यावयास आपला हात आखडतो. मग त्याने नाइलाजाने चांगला भागही बदलून दाखविला, तर तो खोटेपणा त्यास आपणच शिकविला. वैद्यास नाडी पाहण्याची दक्षिणा आपण देतो, तशी या कारागिरास निदानाची मजुरी द्यावी. प्रामाणिक कारागीर गावात टिकणे हे गिऱ्हाइकाच्या प्रामाणिकपणावरही अवलंबून आहे.

अँटिव्हायरसविषयी थोडक्यात सांगतो. विंडोज १० व ११ यांच्या सोबत मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा पहारेकरी येतो. दुसरा विकत घ्यावयाचा असल्यास एकच घ्यावा. दोन पहारेकरी एकमेकांसच चोर समजून भांडतात आणि यंत्र मंदावते. परंतु कोणताही पहारेकरी नित्य अद्ययावत ठेवल्यावाचून कामाचा नाही, आणि अगदी नवा चोर त्याच्याही नजरेतून सुटू शकतो. आणखी एक गोष्ट अशी, की विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण सुरक्षा-पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांच्या घरी ते आहे त्यांनी आपले यंत्र विंडोज ११ घेऊ शकते काय, हे कारागिरास विचारून घ्यावे. ते शक्य नसेल, तर त्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

आणि एवढे सर्व करूनही यंत्र दगा देऊ शकते. म्हणून मी पुन्हा पहिल्या भेदाकडे येतो. माहितीची खरी राखण एकाच उपायाने होते, आणि तो म्हणजे नक्कल. जाणकारांनी यासाठी तीन, दोन, एक असा सोपा नियम सांगितला आहे. महत्त्वाच्या प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात; त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात; आणि त्यांतील एक प्रत घराबाहेर असावी. एक प्रत संगणकात, दुसरी सुट्या हार्ड डिस्कवर, तिसरी परगावी असलेल्या मुलीकडे किंवा भावाकडे, अशी योजना कोणासही परवडण्यासारखी आहे. सुटी डिस्क नक्कल होताच काढून कपाटात ठेवावी. ती यंत्रास लावलेलीच राहिली, तर खंडणीखोर प्रोग्रॅम तिलाही कुलूप घालतो. केवळ इंटरनेटवरील साठ्यावर विसंबू नये. तेथे पुष्कळदा एका ठिकाणी पुसलेले दुसऱ्या ठिकाणीही पुसले जाते. वर्षातून दोनदा ती नक्कल उघडूनही पाहावी. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही, आणि खणलेल्या विहिरीस पाणी आहे की नाही हे तहान लागण्यापूर्वीच पाहिलेले बरे.

कोणी फसलेच तर लाजेने गप्प बसू नये. आपल्या देशाचा माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आहे. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीवाचून शिरणे, त्यात व्हायरस सोडणे, त्यातील माहिती काढून घेणे या गोष्टी त्याच्या ४३ व्या कलमात येतात, आणि त्या अप्रामाणिक हेतूने केल्यास ६६ व्या कलमान्वये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर विनाविलंब कळवावे. जितके लवकर कळवाल तितका रक्कम अडविण्याचा संभव अधिक. भारत सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्रामार्फत यंत्र स्वच्छ करण्याची साधने विनामूल्य मिळतात.

शेवटी आपल्या मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, कचेरीतील नोंदवही व हिशेब यांची नक्कल दर तीन महिन्यांनी व्हावी, ती दोन पदाधिकाऱ्यांकडे निरनिराळ्या घरी असावी, आणि वार्षिक सभेच्या अहवालात ‘नक्कल उघडून पाहिली’ असे एक वाक्य असावे. दुसरी सूचना वधूवर सूचीची. त्या सूचीत आपल्या मुलामुलींच्या जन्मतारखा, पत्ते, दूरध्वनी आणि छायाचित्रे असतात. ती पालकांनी विश्वासाने दिलेली ठेव आहे. ती सर्वांच्या मोबाइलवर मोकाट फिरू देऊ नये. आणि कचेरीचा संगणक दुरुस्तीस जाताना ती सूची आधी काढून घ्यावी, दोन सभासदांनी जातीने तेथे हजर राहावे. निधीचे पैसे गेले तर आपण पुन्हा वर्गणी जमवू, परंतु एखाद्या मुलीचा पत्ता भलत्याच्या हाती गेला, तर तो परत आणण्याचा उपाय कोणत्याही कारागिराजवळ नाही.

तिसरी सूचना शिष्यवृत्तीची. आपण पदवीच्या विद्यार्थ्यांस साहाय्य करतो, ते योग्यच आहे. परंतु औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून संगणकाच्या हार्डवेअर व नेटवर्क देखभालीचा अभ्यासक्रमही शिकविला जातो. ज्या मुलाचे चित्त पुस्तकात कमी आणि स्क्रू-ड्रायव्हरमध्ये अधिक रमते, त्यास नापास म्हणून घरी बसविण्याऐवजी मंडळाने एखादी शिष्यवृत्ती त्याच्यासाठी ठेवावी. दहावीनंतर दुरुस्तीच्या दुकानात गेलेला मुलगा काय करू शकतो, याचे पुण्याचे उदाहरण मी आताच सांगितले. प्रत्येकाचा मोठा कारखाना होईल असे नाही. परंतु आपल्या गावात लोक ज्याच्या हाती निर्धास्तपणे पेटी सोपवतील असा एक सचोटीचा कारागीर जरी त्यातून उभा राहिला, तरी त्या शिष्यवृत्तीचे सार्थक झाले असे मी समजेन.

घरी गेल्यावर आज रात्रीच एक नक्कल करावी अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.